तेहेतीस भागिले दोन

नमुना स-४. शालेय वाद : सलोखा अहवाल
(निळ्या शाईने भरावा. खाडाखोड चालणार नाही.)

वर्ग : आठवी ब
तास : खेळ
झळ पोचलेल्या विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक : २७
वादास कारणीभूत विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक : जोडपत्र पाहावे
काय घडले? (दोन ओळींत) : जोडपत्र पाहावे

जोडपत्र

मुख्याध्यापिका बाई यांस,

दोन ओळी मी मोजून पाहिल्या. पहिल्या ओळीत ‘सोमवारी रिले शर्यतीत’ एवढं मावतं आणि दुसरीत ‘दात’. मधलं काही लिहायची गरज नाही, असं हेडक्लार्कसाहेबांचं म्हणणं. माझी अख्खी नोकरी त्या मधल्यात आहे, म्हणून हा कागद जोडतो आहे. आपण तो वाचणार नाही याची मला कल्पना आहे. एकोणीस वर्षं मी मैदानावरून ओरडत आलो. कोणाला ऐकू न जाण्याची सवय आहे.

१. काय घडलं?

मागच्या सोमवारी आठवी ब चा खेळाचा तास गणिताच्या सरांनी मागितला नाही. इथूनच मला संशय यायला हवा होता. एरवी ते सोमवारी दारात उभे राहून म्हणतात, “तुमचा तास घेऊ का हो? तुमचं काय, पळायचंच ना? उद्या पळतील.” मी देतो. उद्या कोणी पळत नाही. त्या दिवशी मात्र त्यांची दाढ दुखत होती, आणि तास माझ्याकडेच राहिला.

संघ पाडायची पद्धत आपल्याला ठाऊक असेल. दोन कर्णधार समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात. वर्गाचा पट तेहेतीस. सोळा इकडे, सोळा तिकडे, एक उरतो. उरलेल्याच्या हातात मी गुणांची वही देतो, कारण गुण कोणाला तरी लिहावेच लागतात. पाचवीपासून आज चौथं वर्ष, ही वही एकाच मुलीकडे आहे. हजेरी क्रमांक अकरा. तिला इथे वहीवाली म्हणतो. मुलं तिला वेगळ्या नावाने हाक मारतात. ते नाव पुढे येणार आहे.

त्या सोमवारी एकाला ताप होता. बत्तीस मुलं आली, सम संख्या झाली, आणि वहीवाली चक्क संघात गेली. शेवटची का होईना, गेली. तिच्या संघाची कर्णधार म्हणजे गोळी. हे नाव मुलीला तिच्या वेगामुळे पडलं आहे, आणि जिभेलाही तेच लागू आहे.

रिले रंगली. बॅटन फिरत फिरत वहीवालीच्या हातात आला. गोळी पलीकडून ओरडली, “पळ!” त्याआधी आणखी एक शब्द ओरडली, पण मी तेव्हा स्टॉपवॉचकडे बघत होतो.

वहीवाली बॅटन घेऊन खाली बसली. शर्यतीच्या मधोमध, आखलेल्या रेघेवर, मांडी घालून.

एकोणीस वर्षांत मी मुलांना पडताना पाहिलंय, उलटं पळताना पाहिलंय, एकाला तर बॅटनसकट घरी जाताना पाहिलंय. बसताना कोणाला पाहिलं नव्हतं. मी शिट्टी वाजवली. बसणाऱ्याला थांबवायची शिट्टी वेगळी असते की काय, या विचारात दुसऱ्यांदा वाजवली. तोवर गोळी पोचली होती. तिने बॅटन ओढला. वहीवालीने सोडला नाही. मग एकदम सोडला.

दात. गोळीचा, वरचा, पुढचा, डावा. टवका उडाला.

गोळीच्या आई दंतवैद्य आहेत. दाताच्या बाबतीत याहून वाईट घर निवडता आलं नसतं.

२. त्या वेळी तुमच्या मनात काय होतं?

हा प्रश्न मला अजूनही आवडत नाही. माझ्या मनात जेवणाचा डबा होता.

मंगळवारी आपण मला बोलावलंत. टेबलावर दाताचा प्लास्टरचा साचा होता. गोळीच्या आई तो ठेवून गेल्या होत्या. आपण त्याच्यावरून नजर न काढता म्हणालात, “सर, शिक्षा करायचे दिवस गेले. आता सलोखा करायचा असतो. गुरुवार-शुक्रवार प्रशिक्षणाला जा. पुढच्या शुक्रवारी बारापर्यंत नमुना स-४ भरून माझ्याकडे यायला हवा. प्रकरण मिटलं तर उत्तम. नाही मिटलं, तर आठवी ब चे खेळाचे तिन्ही तास गणिताला. कायमचे.”

बाहेर बाकावर गणिताचे सर बसले होते. दाढ थांबली असावी. चेहरा प्रसन्न होता.

आठवी ब म्हणजे माझा शेवटचा वर्ग. नववी-दहावीचे तास परीक्षेने नेले, पाचवी-सहावीचे संगणकाने आणि सातवीचा ‘मूल्य’ नावाच्या कशाने तरी. आठवी ब गेली की शाळेत माझ्याकडे उरतात दोन फुटबॉल, एक पंप आणि सकाळी रांगा सरळ करायचं काम.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. प्रशिक्षिका इतक्या हळू बोलत की चाळीस शिक्षक पुढे वाकून ऐकत होते, आणि दुसऱ्या दिवशी चाळिसांचीही मान धरली. त्यांचं सांगणं असं : सगळ्यांनी गोल बसायचं. वर्तुळात कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. एक वस्तू हातोहात फिरवायची, आणि ती ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं. ‘कोणी केलं?’ हे विचारायचंच नाही. कोणाला झळ पोचली आणि ती भरून कशी निघेल, हे विचारायचं.

मी घरी सराव केला. विषय सोपा घेतला, पलंगावर पडलेला ओला टॉवेल. वस्तू म्हणून आमटीचा डाव घेतला. मी प्रस्तावना केली आणि डाव बायकोच्या हातात दिला.

तो मला पंचेचाळीस मिनिटांनी परत मिळाला. टॉवेल पहिल्या तीन मिनिटांत आटोपला होता. पुढे माझी आई, बायकोच्या भावाच्या लग्नात मी घातलेले बूट, आणि “खेळाचे शिक्षक म्हणून सांगून आलं होतं, मला वाटलं खेळकर असतील” इथपर्यंत वर्तुळ पोचलं. शेवटी मी म्हणालो, “झालं असेल माझ्याकडून.”

“‘झालं असेल’ ही काय माफी आहे?” बायको म्हणाली. “पाऊस झाला असेल, म्हणतात तसं म्हणताय.”

खालच्या मजल्यावरच्या काकांना हे सगळं ऐकू गेलं. काका न्यायालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. जिन्यात मला अडवून म्हणाले, “समेट करायचाय ना? मग पहिल्यांदा दोन्ही पक्षांना दमवा. तारीख द्या. आले की पुढची तारीख द्या. तीस वर्षांत मी हजारो माणसं शांत होताना पाहिली, न्यायाने एकही नाही. तारखेने.”

“काका, माझ्याकडे पाचच दिवस आहेत.”

“मग जमायचं नाही,” काका म्हणाले आणि दूध आणायला गेले.

३. वर्तुळ कसं घेतलं?

(पहिलं वर्तुळ. सोमवार.)

खुर्च्या परीक्षा विभागाच्या. त्यासाठी हेडक्लार्कसाहेबांकडे अर्ज केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“गोल मांडणार?”

“हो.”

“खुर्च्या रांगेत मांडण्यासाठी मंजूर आहेत.”

“साहेब, गोल म्हणजे वाकलेली रांगच.”

त्यांनी अर्ज तिसऱ्यांदा वाचला. मग मंजुरी दिली, आणि ‘वाकलेल्या रांगेसाठी’ असा शेरा मारला. सभागृहात पोचल्यावर कळलं की खुर्च्या तीन-तीनच्या संचात आहेत, खालून लोखंडी पट्टीने जोडलेल्या. परीक्षेत मुलांनी सरकू नये म्हणून केलेली योजना. शिपाईमामा आणि मी अर्धा तास ते अकरा संच ढकलत होतो. दारावरून जाताना गणिताचे सर थबकले.

“हे वर्तुळ नाही हो,” ते म्हणाले. “ही अकरा बाजूंची बहुभुजाकृती झाली.”

“मुलांना कळणार नाही.”

“कळेल. मी शिकवलंय त्यांना. तुमच्याच तासाला.”

खुर्च्या तेहेतीस, मुलं तेहेतीस. मला जागा नव्हती. मी मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, आणला आणि त्यावर बसलो. मेडिसिन बॉलवर बसून गांभीर्य राखायचं तर पोटाचे स्नायू लागतात. माझे नववीच्या तासांबरोबर गेले.

आता माझी चूक. फिरवायला हातोहात जाणारी, हलकी, मुलांच्या ओळखीची वस्तू हवी होती. मला एकच सुचली. बॅटन.

“ज्याच्या हातात बॅटन,” मी सांगितलं, “त्याने मनातलं बोलायचं. घाई नाही.” आणि पहिल्या मुलाच्या हातात दिला.

बाई, या मुलांना मी चार वर्षं एकच गोष्ट शिकवली आहे : बॅटन हातात आला की थांबायचं नाही. मागे बघायचं नाही, बोलायचं नाही, पुढच्याच्या तळहातात ठोकायचा आणि सोडायचा. मी दिल्या क्षणी बॅटन सुटला. फट, फट, फट, फट. अकराच्या अकरा बाजू, तेहेतीस हात, एकही शब्द नाही. बॅटन परत माझ्या तळहातावर आदळला आणि मी चेंडूवरून मागे गेलो.

पडल्या पडल्या माझा अंगठा आपोआप स्टॉपवॉचवर गेला. चौदा सेकंद. शाळेत बॅटनचा असा बदल पूर्वी कधी झाला नव्हता. कोणी तरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. वहीवाली आणि गोळी एकमेकींकडे न बघता बसून होत्या.

(दुसरं वर्तुळ. बुधवार.)

बॅटनऐवजी मी माझी शिट्टी दिली.

यावर जास्त लिहीत नाही. आपल्या खोलीपर्यंत आवाज आला होता, आपण स्वतः खाली आला होतात. तेहेतीस मुलांनी आपापल्या मनातलं शिट्टीत वाजवलं. काहींनी दोनदा. शिट्टी मी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली, तरी तोंडात घालायचा धीर अजून होत नाही. या आठवड्यात मी तोंडानेच “पीप” म्हणतो आहे. त्याने कोणीही थांबत नाही.

(तिसरं वर्तुळ. गुरुवार.)

गुरुवारी खेळाचा तास नसतो. आयुष्यात पहिल्यांदा मी गणिताच्या सरांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “तुमचा तास घेऊ का?”

त्यांनी तो क्षण चांगला चघळला. “द्यायला हरकत नाही,” म्हणाले. “पण मी तासाबरोबर येणार. शुक्रवारनंतर हा वर्ग तसाही माझाच आहे.”

म्हणून ते आले. आपण आलात. गोळीच्या आई साचा घेऊन आल्या. वहीवालीचे वडीलही आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. कामावरून थेट आल्यामुळे कमरेला पाने-पक्कड तशीच होती. ते भिंतीला टेकून उभे राहिले, कोणी बसा म्हणालं नाही म्हणून. म्हणजे मीच म्हणालो नाही. मी चेंडू शोधत होतो.

“हा दात,” आई साचा उंच धरून म्हणाल्या, “मी सहा वर्षं सांभाळलाय. चॉकलेटपासून, पेन्सिलीपासून. आणि तो मोडला कुठे, तर शिक्षकासमोर!”

मला फिरवायला वस्तू सापडेना. बॅटन नको, शिट्टी तर नकोच. खिडकीत गुणांची वही होती, ती उचलली आणि पहिल्या मुलाला दिली. वही पुढे सरकू लागली. “पास.” “पास.” “सर, तहान लागलीय.” “पास.”

वही वहीवालीच्या हातात आली. तिने ती मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. आपलीच वस्तू परत मिळाली की माणूस ठेवतो, तसे.

“रोज सकाळी मी हजेरी ऐकते,” ती म्हणाली. “कोणीतरी आजारी असावं म्हणून. एक जरी आलं नाही तरी मला खेळायला मिळतं. दोन आले नाहीत तर नाही मिळत. एकच.”

सभागृहात पंखा फिरत होता. तो कुरकुरतो हे मला तेव्हा कळलं.

“त्या दिवशी मिळालं. वर्षात दुसऱ्यांदा. बॅटन आला आणि हिने हाक मारली. ‘शिल्लक, पळ.’ मग मला पळावंसंच वाटेना.”

“मग काय म्हणायला हवं होतं?” गोळी म्हणाली. वही तिच्या हातात नव्हती, पण कोणी अडवलं नाही. तुटक्या दातामुळे शब्दांतून वारा जात होता. “सगळे तेच म्हणतात. मला वाटलं, तुला चालतं. तू ओ देतेस ना.”

“ओ नाही दिली तर कोण हाक मारणार?”

वहीवालीचे वडील भिंतीपासून सुटे झाले. “घरी काही बोलली नाही कधी,” ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

तेव्हा, बाई, आपण तो प्रश्न विचारलात. प्रशिक्षणात ‘कोणी?’ विचारायचं नाही असं सांगितलं होतं, पण आपण प्रशिक्षणाला नव्हतात. आपण म्हणालात, “हे नाव ठेवलं कोणी?”

 तेहेतीस डोकी वळली, अकरा बाजूंनी, आणि सगळ्यांच्या नजरा मेडिसिन बॉलवर येऊन थांबल्या.

मी म्हणतो. रोज म्हणतो. संघ पाडून झाले की वही उंच धरतो आणि ओरडतो, “हं, शिल्लक कोण?” वाईट हेतूने नाही. पंप कुठाय, बॉल कोणाकडे, शिल्लक कोण. चार वर्षं, आठवड्याला तीन वेळा. त्यातले गणिताने नेलेले तास वजा करा. सरांचे माझ्यावर उपकारच आहेत.

४. नुकसान भरून काढण्यासाठी काय करावं लागेल?

वही माझ्याकडे आली. मी बॉलवरून उठायचा प्रयत्न केला, तो मागे गडगडत गेला, आणि मी उभा राहिलो तो गुडघ्यांवर हात टेकून. पंचेचाळिशीच्या माणसाने कोणत्याही मनःस्थितीत मेडिसिन बॉलवरून उठू नये.

“झालं अस…” मी सुरू केलं. मला बायकोचा चेहरा दिसला. “मी म्हणायचो,” मी म्हणालो. “मीच ठेवलं ते नाव. चूक माझी आहे.”

तेहेतीस मुलांसमोर, दोन पालकांसमोर, आपल्यासमोर आणि गणिताच्या सरांसमोर. शेवटच्या नावाची गरज नव्हती, पण ते तिथे होते.

दंतवैद्य आई साचा पिशवीत घालत म्हणाल्या, “दाताचं मी बघते. तासाभराचं काम आहे. हे तुमचं बघा.” गोळीने वहीवालीला काहीतरी विचारलं, वहीवालीने मान डोलवली, आणि दोघी दातावर बोट ठेवून हसल्या. इतक्या दिवसांत मला न जमलेलं काम त्यांनी माझ्या नावाने खडे फोडून एका मिनिटात उरकलं. माणसं कोणाच्या तरी विरोधात लवकर एक होतात, हे मला माहीत होतं. तो कोणीतरी आपण असू, हे माहीत नव्हतं.

आता उपाय. मुलं सुचवू लागली. चिठ्ठ्या टाका, पाळ्या लावा. गोळी म्हणाली, पुढचा तास हिला कर्णधार करा. ते ठरलं. पण एक उरायचा तो उरतोच, त्याचं काय?  मग मागच्या बाजूने, हात वर करून, गणिताचे सर.

“तेहेतीस विषम संख्या आहे,” ते म्हणाले. “विषम संख्येत एक मिळवला की सम होते.”

“पण एक आणायचा कुठून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही खेळा ना.”

बाई, मी खेळाचा शिक्षक आहे. चार वर्षांत एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नेहमी रेघेबाहेर उभा होतो, शिट्टी घेऊन, स्टॉपवॉच घेऊन. आत गेलो असतो तर कोणीच उरलं नसतं. एवढंच करायचं होतं.

सर तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. “बेरीज आहे ही,” ते म्हणाले. “पहिलीची.”

५. प्रकरण मिटलं का? (हो / नाही. नको ते खोडा.)

मिटलं. गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या प्रतिष्ठेच्या बदल्यात. शुक्रवारी सकाळी मी नमुना स-४ हेडक्लार्कसाहेबांपुढे ठेवला.

“कारणीभूत विद्यार्थ्याचा क्रमांक रिकामा आहे.”

“विद्यार्थी नाही साहेब. मी आहे.”

“तुमचा हजेरी क्रमांक काय?”

“मला कसा असेल?”

“मग तुम्ही कारणीभूत कसे?”

मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “सर, तुमच्या भावना पोचल्या. पण या रकान्यात एक ते तेहेतीसमधलाच आकडा चालतो. अकरा लिहू?”

“नाही! तिचा नाही लिहायचा.”

“सत्तावीस?”

“तिचा तर दात गेलाय!”

“चौतीस लिहिता येईल का पाहा,” गणिताचे सर मागून म्हणाले. शाई भरायला आले होते.

“पटावर तेहेतीसच आहेत,” हेडक्लार्कसाहेब म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी. “कारणीभूत नाही, तर वाद नाही. वाद नाही, तर तो मिटणार कसा? प्रलंबित.” आणि त्यांनी शिक्का मारला.

काका म्हणाले असते, मी सांगितलंच होतं.

साडेबाराला फलकावर सूचना लागली. सोमवारपासून आठवी ब चे खेळाचे तिन्ही तास गणिताला. खाली आपली सही, आणि त्याखाली एक ओळ : ‘या वर्गाने आठवडाभर खेळाचे तास बसून काढले असून त्याने कोणतीही गैरसोय झालेली नाही.’

म्हणजे आज दुपारचा तास शेवटचा होता. त्यात काय झालं ते लिहितो आणि संपवतो.

ठरल्याप्रमाणे वहीवाली कर्णधार झाली. समोर गोळी, नवा दात बसवून. मी शिट्टी आणि स्टॉपवॉच शिपाईमामांकडे दिलं, बुटांच्या नाड्या दोनदा बांधल्या आणि मुलांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. तेहेतीस आणि मी, चौतीस. सम. मला उगाच हलकं वाटत होतं. घरून निघताना बायकोला सांगितलं होतं, आज मी खेळणार आहे. ती म्हणाली, “गुडघा सांभाळा,” आणि दारापर्यंत आली.

पहिलं नाव वहीवालीने घेतलं. मग गोळीने. ओळ आटत चालली. पहिल्या पाचांत येईन असं मला वाटलं नव्हतं. दहांत वाटलं होतं. दहा झाले, वीस झाले. आपलं नाव येईल म्हणून माणूस थोडा पुढे झुकतो आणि न आलं की झुकलोच नव्हतो असं दाखवतो, हे मला बाहेरून कधी दिसलं नव्हतं. मी बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधली.

ओळीत दोघे राहिलो. मी आणि जाड चष्म्याचा मुलगा, ज्याला चेंडू अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. पाळी गोळीची होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पोटाकडे पाहिलं, खरं तर. मग तिने चष्म्याला बोलावलं.

मी वहीवालीकडे निघालो. तिच्याकडे सतरावी जागा असणार होती. तिने संघ मोजला. पुन्हा मोजला.

“सर, सोळा झाले,” ती म्हणाली. “तिकडेही सोळाच आहेत.”

“असं कसं? आपण चौतीस आहोत.”

“एकाचं पोट दुखतंय. तो वर्गात झोपलाय.”

बत्तीस आणि मी. तेहेतीस.

मैदानात कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. वहीवालीने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला तो शब्द म्हणता आला असता. सगळं मैदान त्याची वाट बघत होतं, मीही. तिने तो म्हटला नाही. ती सभागृहाच्या खिडकीपाशी गेली, वही आणली आणि माझ्या हातात दिली.

“रेघा मारलेल्या आहेत,” ती म्हणाली. “पेन आत आहे.”

खेळ सुरू झाला. मी रेघेबाहेर बसून वही उघडली. चार वर्षांत पहिल्यांदाच. मी ती रोज उंच धरायचो, उघडली कधी नव्हती. प्रत्येक पानावर सरळ रेघा, अक्षर पाचवीत गोल आणि आठवीकडे येता येता बारीक होत गेलेलं. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. आणि टोकाला, मी कधी सांगितला नव्हता असा तिसरा रकाना : ‘शिल्लक’. त्याखाली ओळीने एक. एक. एक. एक. मधेच कुठेतरी शून्य, आणि त्या शून्याला फुलासारख्या पाकळ्या काढलेल्या. पाकळ्यांची शून्यं मी मोजली. चार वर्षांत सात.

मी आजचे गुण लिहिले. मग तिसऱ्या रकान्यात एक लिहिला.

वहीवाली तिची पळ संपवून धापा टाकत माझ्यामागे येऊन उभी होती. तिने वाकून पान तपासलं.

“सर,” ती म्हणाली, “तारीख राहिली.”